सर, शॉट रेडी

नागावात लग्न असलं आणि चीफ नेमका सुट्टीवर आलेला असला, की मुहूर्त चुकत नाही. बारा सतराचा मुहूर्त असेल तर पावणेबाराला तो नवरदेवाच्या खोलीचं दार वाजवतो आणि म्हणतो, "पंधरा मिनिटांत लागतोय." काय लागतंय, हे विचारायची कुणाची छाती होत नाही. मग नवरीच्या दाराशी जाऊन बाहेरूनच विचारतो, "अजून किती?" आतून बायका सांगतात, "दहा मिनिटं." चीफ मांडवात येऊन जाहीर करतो, "पंचवीस मिनिटं." आणि बरोबर पंचविसाव्या मिनिटाला नवरी बाहेर येते. गुरुजींना त्यानं आदल्या दिवशीच गाठलेलं असतं. "मंगलाष्टकं किती मिनिटांची?" गुरुजी म्हणतात, "ते म्हणणाऱ्या बायकांवर आहे." हे उत्तर चीफला रात्रभर छळतं. अंतरपाट धरणारे दोघे तो उंची जुळवून निवडतो. नवरीच्या आत्याला अडवून म्हणतो, "आत्या, सकाळी हळदीला डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, आता सोन्याच्या कशा? फोटो एकापुढे एक लावले की कळेल ना." आत्या निमूट आत जाऊन बांगड्या बदलून येते.

गावाला तो 'डायरेक्टर' म्हणून माहीत आहे. ती बढती गावानं त्याला केव्हाच देऊन टाकली. मुंबईत सेटवर तो 'चीफ', म्हणजे चीफ असिस्टंट डायरेक्टर. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि पेमेंटच्या चेकवर असतं. दाखला पेटीत आहे आणि चेक वाटेत.

असा एक चीफ प्रत्येक सेटवर असतो. शूटिंग बघायला गर्दीत उभे राहिलात तर ओळखायला सोपा. जो गॉगल लावून छत्रीखाली खुर्चीत बसलेला आहे, तो दिग्दर्शक. जो व्हॅनिटी व्हॅनमधून उतरायला तयार नाही, तो हीरो. जो व्हॅनच्या पायरीशी उभा राहून अतिशय गोड आवाजात "सर, शॉट रेडी" म्हणतो आणि वळून त्याच दमात पन्नास माणसांवर "ए, सायलेन्स!" म्हणून खेकसतो, तो आमचा. अंगात सतरा खिशांची पँट, कमरेला पाऊच. पाऊचमध्ये मार्कर, चिकटपट्टी, सेफ्टी पिना, क्रोसिन, इलेक्ट्रल, सुईदोरा, लवंगा आणि एक शिट्टी. हे सगळं तो नागावात सुट्टीवर आला तरी कमरेला असतं. आमच्या वाडीतला पंप एकदा त्यानं त्या चिकटपट्टीवर दोन दिवस चालवून दाखवला होता. वॉकीटॉकीवर बोलून बोलून त्याला 'हो' म्हणायची सवय राहिलेली नाही. आईनं स्वयंपाकघरातून "जेवायला ये रे" म्हटलं की ओटीवरून उत्तर येतं, "कॉपी!" आणि 'नाही' तर त्याला येतच नाही. त्याऐवजी तो म्हणतो, "करू मॅनेज."

सहायक दिग्दर्शक होऊन दिग्दर्शक व्हायचं, हा रस्ता त्यानं निवडला तेव्हा आम्ही दोघंही बारावी झालेलो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायचं तर पदवी हवी, आणि पदवीसाठी थांबायचं तर दिग्दर्शन उशिरा सुरू होणार, असा त्याचा तेव्हाचा हिशेब. मांडव्याची लाँच पकडून तो मुंबईला गेला. पहिल्या पिक्चरला क्लॅप दिला. मग कंटिन्युइटी लिहिली, म्हणजे हीरोच्या शर्टाचं कितवं बटण उघडं होतं आणि चहाचा कप कुठल्या हातात होता याच्या नोंदी. मग कपडेपट आणि प्रॉपर्टी सांभाळली. मग सेकंड झाला, मग चीफ. पुढची पायरी दिग्दर्शकाची. त्या पायरीवर पाय ठेवायला तो आता सुमारे वीस वर्षं एक पाय उचलून उभा आहे.

त्याच्याशी या विषयावर वाद घालायला जाऊ नये. तो वंशावळच काढतो. "सरस्वतीबाई फाळके! 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवायच्या, फिल्म धुवायच्या, वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. पहिला असिस्टंट आपल्याकडे बाई होती, आणि टायटलमध्ये नाव कुठे आहे?" मग कोल्हापूर येतं. महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडेल ते काम करणारा शांताराम वणकुद्रे, त्यानं १९२९ ला भागीदारांबरोबर 'प्रभात' काढली. मग गोत्रं सुरू होतात. बिमल रॉय गोत्र: हृषीकेश मुखर्जी, गुलजार. ज्ञान मुखर्जी आणि अमिय चक्रवर्तींचा असिस्टंट गुरुदत्त, गुरुदत्तचा असिस्टंट राज खोसला, राज खोसलाचा असिस्टंट महेश भट्ट. श्राद्धाला भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात, तेव्हा आमच्या घरात तिसऱ्या नावाला सगळे एकमेकांकडे बघतात. चीफ चार पिढ्या न अडखळता सांगतो, फक्त त्या त्याच्या घरच्या नसतात.

"गुरुदत्तनं 'बाजी' केला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता," असं मी एकदा सहज म्हणालो. तो दोन दिवस बोलला नाही.

त्याचा सगळ्यात लाडका किस्सा मात्र राज कपूरचा. मीही तो इतक्यांदा ऐकलाय की मला तो पाठ आहे. राज कपूर केदार शर्मांकडे क्लॅप द्यायला होता. क्लॅप देण्याआधी कॅमेऱ्यासमोर केस विंचरायची त्याला खोड. एकदा केस विंचरण्याच्या नादात क्लॅप असा दिला की समोरच्या नटाची खोटी दाढी फळीत अडकून बाहेर आली. केदार शर्मांनी थोबाडीत मारली. आणि पुढे त्याच केदार शर्मांनी त्याला 'नीलकमल'मध्ये हीरो केला, १९४७ साली. एवढं सांगून झालं की चीफ आपल्या हाताकडे बघतो आणि म्हणतो, "माझ्या क्लॅपमध्ये आजवर कुणाची दाढी अडकली नाही. तिथेच घोटाळा झाला."

हे तो गमतीनं म्हणतो, पण मला ते खरं वाटतं. जो असिस्टंट दाढी उपटतो, वेळ चुकवतो, दिग्दर्शकाला "सर, हा कॅमेरा इथे का लावलाय?" असं विचारतो, त्याला सेटवर ठेवणं सगळ्यांना जड जातं. त्याला लवकर दिग्दर्शक करून टाकणं हाच त्यावर उपाय असतो. आमचा चीफ इतका चोख आहे, की त्याला सोडायला कुणी तयार नाही.

त्याच्या चोखपणाची ख्याती सगळ्या इंडस्ट्रीत झाली ती भरती-ओहोटीमुळे. समुद्राचा सीन असला की मुंबईचे असिस्टंट मोबाइलमध्ये डोकं घालतात. चीफ पाऊचमधून कालनिर्णयाचं पान काढतो. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, हे गणित नागावच्या पोराला पाढ्यांबरोबरच येतं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. एका दिग्दर्शकांना मावळत्या सूर्याचं प्रतिबिंब पडेल अशी लांबलचक ओली वाळू हवी होती. चीफ म्हणाला, "मग सर, पौर्णिमा नाहीतर अमावास्या. त्या दिवसांत संध्याकाळी ओहोटी असते, आणि पाणीही आत खूप लांब जातं." दिग्दर्शक म्हणाले, "हीरोची डेट अष्टमीची आहे." हीरोला पौर्णिमेला दुसरीकडे शूटिंग होतं. शेवटी अष्टमीलाच ट्रॉलीचे रूळ टाकले. संध्याकाळी समुद्र पंचांगाप्रमाणे आला आणि रुळांवरून पुढे गेला. कॅमेरा वाचला, कारण चीफनं आधीच चार पोरं वर सुरूच्या झाडांपाशी उभी करून ठेवली होती. पॅकअपनंतर निर्माते त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "समुद्राची डेटसुद्धा तूच बघतोस की रे!" पुढच्या पिक्चरलाही चीफ तोच.

नागावला युनिट आणायचं म्हणजे त्याच्या दृष्टीनं पंढरपूरला वारी न्यायची. रेकीला येणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला तो तीन ठिकाणं दाखवतोच. एक, आमचा किनारा, पहाटेचा. पहाटेचा अशासाठी की आठनंतर तिथे बनाना राइड, पॅरासेलिंग, घोडागाड्या आणि वाळूत चाललेल्या चारचाकी मोटारसायकली असतात आणि चित्रपट पौराणिक असला तर पंचाईत होते. दोन, रेवदंड्याचा किल्ला. आणि तीन, शेजारच्या आक्षीचा शिलालेख, शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. "सर, हजार वर्षं झाली या अक्षरांना," तो हळू आवाजात सांगतो. दिग्दर्शक दोन बोटांची चौकट करून डोळ्याला लावतात आणि म्हणतात, "मागे वायर येतेय."

युनिट ठरलं की राहणार कुठे? चीफच्या घरी. त्याच्या आईच्या वाडीत माड-पोफळींच्या मध्ये चार खोल्या आहेत, बाहेर बोर्ड आहे 'ए.सी. रूम, घरगुती जेवण, मासळी ऑर्डरप्रमाणे'. लोकेशनचं भाडं ठरवणं हे खरं म्हणजे प्रॉडक्शनवाल्यांचं काम. पण आई कुणाची आहे म्हटल्यावर ते चीफच्याच गळ्यात पडतं. मग एकाच ओटीवर मायलेक समोरासमोर बसतात. मी हा सोहळा भिंतीपलीकडून ऐकलेला आहे.

"प्रॉडक्शनचं बजेट टाइट आहे," मुलगा सुरू करतो.

"शनिवार-रविवार आहे," आई म्हणते.

"काकू, म्हणजे आई, दहा दिवसांचं एकगठ्ठा बुकिंग आहे."

"ॲडव्हान्स?"

"चेक देतील."

"मागच्या चेकचं काय झालं?"

इथे मुलगा चहा मागतो. आई चहा आणते आणि कप ठेवता ठेवता सांगते, "माणशी जेवण वेगळं. आणि तुझी खोली मोकळी करून देते, तू युनिटबरोबर झोप. ती पण लावता येईल." चीफ वहीत लिहून घेतो. आईइतक्या कठीण पार्टीशी कधी व्यवहार झाला नाही, असं तो स्पॉट दादांना कौतुकानं सांगतो.

पुढे शूटिंग सुरू झालं की काकूंच्या दोरीवरचे कपडे उतरतात, छपरावरची डिशची तबकडी गोणपाटाखाली जाते, विहिरीला शेवाळ रंगवतात. एकदा फ्रेममध्ये तुळशीवृंदावन नीट बसत नव्हतं. कॅमेरामन म्हणाला, "दोन फूट उजवीकडे चीट करा." सेटवर कुठलीही गोष्ट अशी सरकवता येते, खुर्ची, झाड, नटसुद्धा. चीफ काकूंकडे गेला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, वृंदावनाकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुळस चीट होत नाही. तुमचं ते तीनपायी सरकवा." कॅमेरा सरकला. त्या शॉटची नंतर समीक्षकांनी तारीफ केली म्हणे.

मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शूटिंगवाले 'पासिंग' म्हणतात. आमच्या आळीतल्या प्रत्येकानं आयुष्यात एकदा तरी पासिंग दिलेलं आहे. चीफ त्यातही गांभीर्य आणतो. आमच्या शेजारच्या तात्यांना म्हणाला, "तात्या, तुम्ही बाजारातून येताय. पिशवी जड आहे. दमलाय."

"पिशवीत काय आहे?"

"काही नाही, कागद कोंबलेत."

"मग जड कशी?"

"ॲक्टिंग करायचं तात्या."

"कांदे घाल ना पाच किलो. आपला पांढरा कांदा घाल, नंतर घरी नेतो."

चीफनं कांदे आणवले. पाच टेक झाले. तात्या इतके खरे दमले की हीरोईन त्यांच्याकडेच बघत राहिली. तिचं लक्ष उडालं म्हणून सहावा टेक. कांदे तात्यांनी नेलेच.

मुंबईच्या सेटवर पहिल्या दिवशी कुणीतरी नवा माणूस चुकतो आणि दुसरा त्याला ते हिंदी पिक्चरवालं वाक्य फेकतोच, "अलीबाग से आया है क्या?" चीफ तेव्हा शांतपणे हात वर करतो. "मी आलोय. नागाव. अलिबागच्या पुढे सात-आठ किलोमीटर. बोला." या वाक्यावर बंदी आणा म्हणून अलिबागच्या एका रहिवाशानं उच्च न्यायालयात याचिका केली होती, ती २०१९ ला फेटाळली गेली. चीफला निकाल पटला. "वाक्यावर बंदी कशाला? पिक्चर काढू ना आपण, अलिबागवरून." त्याचा खरा राग दुसराच आहे. 'अग्निपथ'मधलं मांडवा नव्या आवृत्तीत, २०१२ च्या, दिवला उभं केलं. "समोर दिसतंय मांडवा. गेटवेवरून लाँचनं तासाभरात येतं. आणि हे लोक दिवला!" हे सांगताना त्याचा आवाज खरोखर कापतो.

त्याची स्क्रिप्ट तयार आहे. ती कायम तयार असते. मूळ गोष्ट नागावच्या एका वाडीतल्या दोन भावांची, वाटणीची आणि विहिरीची. 'सैराट' आला तेव्हा धाकट्या भावाला एक प्रेयसी मिळाली. 'तुंबाड' आला तेव्हा विहिरीत काहीतरी राहायला आलं. मग सगळे मोबाइलवर मालिका बघायला लागले, तेव्हा त्या विहिरीचे आठ भाग झाले, प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी आत डोकावतं. 'तुंबाड'चा त्याला फार आधार वाटतो. "सहा वर्षं लागली त्यांना. सहा!" नागराज मंजुळेंचा मात्र त्याला जरा धसका आहे. तो माणूस नगरच्या कॉलेजात शिकताना एक लघुपट करतो, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो, आणि मग थेट 'फँड्री'. मधल्या पायऱ्या कुठे गेल्या? चैतन्य ताम्हाणेनं 'कोर्ट' तिशीच्या आत केला हे कळलं, त्या संध्याकाळी चीफनं फोन करून मला विचारलं, "त्या पिक्चरचं शेड्यूल कुणी केलं असेल रे?"

ही स्क्रिप्ट मी ऐकलेली आहे. म्हणजे अर्धी. तो नरेशन द्यायला सुरूच्या बनात घेऊन जातो, चपला काढतो, डोळे मिटतो. "फेड इन. पहाट. रहाटाचा आवाज." सांगतो फार सुंदर. पाण्याचा पाट वाडीतून कसा फिरतो, थोरला भाऊ पोफळीवर कसा चढतो, एका झाडावरून झोका घेऊन दुसरं झाड कसं पकडतो, हे ऐकताना मला माझीच वाडी नवी वाटायला लागते. मध्यंतरापर्यंत येतो आणि फोन वाजतो. "हां सर. बोला सर. नाही नाही, मोकळाच आहे." संपलं. परत आला की पुन्हा पहिल्यापासून, कारण मध्ये काही बदललेलं असतं. त्यामुळे त्या दोन भावांचं मध्यंतरानंतर काय झालं, हे नागावात कुणालाही माहीत नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "वाटणी झाली असणार. होतेच."

लग्न त्याचं झालं नाही. एकदा मुलगी बघायला गेलेला. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि हा सवयीनं म्हणाला, "छान! फक्त एन्ट्री थोडी लवकर झाली." मुलगी आत गेली ती परत आलीच नाही.

पण त्याला नुसता हसण्यावारी नेणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. रात्रीचं पॅकअप झालं की युनिटमधल्या पोरी घरी पोचल्याचा मेसेज येईपर्यंत तो झोपत नाही. गर्दीच्या सीनमध्ये एखादा म्हातारा ज्युनिअर आर्टिस्ट दिसला, की त्याला तो बाकावर बसलेला माणूस करून टाकतो, म्हणजे दिवसभर उभं राहायला नको. थंडीत नागावला शूटिंग असलं तर शेवटच्या रात्री स्वतःच्या पैशानं पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, मडकं उपडं घालून वर जाळ. झाली का हे बघायला मडक्यावर पाण्याचा हात मारायचा, चर्र आवाज आला की झाली. लाइटमनपासून हीरोपर्यंत सगळे शेकोटीभोवती एका ओळीत बसतात आणि पहिली पत्रावळ स्पॉट दादांना जाते. हीरोला थांबावं लागतं. त्याला कुणीतरी थांबवलेलं आम्ही फक्त तिथेच बघितलंय.

आणि त्याच्या हाताखालून गेलेली पोरं! क्लॅप कसा धरायचा, भडकलेल्या नटाला पाणी कधी द्यायचं आणि कधी द्यायचं नाही, निर्माता सेटवर आला की दिग्दर्शकाच्या कानात काय सांगायचं, हे सगळं त्यानं शिकवलेली चार पोरं आज दिग्दर्शक आहेत. चौघंही पहिला पिक्चर मिळाल्या मिळाल्या पेढे घेऊन त्याच्याकडे आली, पाया पडली, आणि प्रत्येकानं विचारलं, "चीफ, माझ्या पिक्चरला चीफ म्हणून याल ना?" तो गेला. काल ज्यांना "अरे, क्लॅप सरळ धर" म्हणत होता, त्यांना आज "सर, शॉट रेडी" म्हणतो. यात त्याला काहीही चमत्कारिक वाटत नाही. मला वाटतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "सेटवर ज्याच्या हातात पिक्चर, तो सर. वयाचा काय संबंध?"

एकदा, फक्त एकदा, त्याच्या हातात अर्धा दिवस आला होता. दिग्दर्शकांना ताप भरला, नटी दुसऱ्या दिवशी परदेशी जाणार, सीन आजच व्हायला हवा. निर्माते म्हणाले, "चीफ, घे तू." सासरहून आलेली बहीण भावाला भेटते, असा प्रसंग. आमचा जीव नागावात टांगलेला. रात्री फोन आला.

"झालं?"

"झालं! अकरा शॉट. पाच वीसला पॅकअप. लाइट शिल्लक होता रे!"

"निर्माते काय म्हणाले?"

"डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, असा माणूस सोडायचा नाही. पुढच्या दोन्ही पिक्चरला चीफ मीच."

"अरे, पण सीन कसा झाला?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ओव्हरटाइम लागला नाही."

त्याचं नाव पडद्यावर येतं, पण शेवटी. अलिबागच्या थिएटरात काकूंना घेऊन आम्ही गेलो, तेव्हा शेवटची नावं सुरू झाली आणि दिवे लागले, लोक उठले. काकू उठल्या नाहीत. "बसा हो, नाव यायचंय," म्हणून त्यांनी पुढच्या रांगेतल्या दोन अनोळखी गृहस्थांना खाली बसवलं. हल्ली पिक्चर घरीच टीव्हीवर येतात, तर तिथे वेगळीच तऱ्हा. नावं सुरू झाली की ती आक्रसून कोपऱ्यात जातात आणि 'पुढचा भाग' अशी पट्टी येते. काकू रिमोट घेऊन तयारच बसतात. त्या वयात त्यांचा अंगठा इतका झटपट चालेल असं वाटत नाही, पण चालतो. नाव दिसलं की पिक्चर तिथेच थांबवून ठेवतात आणि मला भिंतीवरून हाक मारतात.

यंदा गणपतीत तो आला तो निराळाच. आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "घेतोय. माझा. स्वतःचा." मी त्याला मिठीच मारली. त्याच्या हाताखालच्या एका पोरानं पैसे घालायचं कबूल केलं होतं.

"आणि चीफ कोण?" मी विचारलं.

"तिथेच अडलंय. चार जणांना भेटलो. एकालाही ब्रेकडाउन नीट येत नाही. शेवटी ठरवलं, चीफपण मीच."

मग सुरू झाली ती भांडणं मी रोज भिंतीपलीकडून ऐकली. रात्री त्याच्यातला दिग्दर्शक लिहायचा. सकाळी त्याच्यातला चीफ लाल पेन घेऊन बसायचा. रात्री रेवदंड्याच्या खाडीत वादळ आणि चाळीस होड्या. सकाळी होड्या चार, आणि वादळ 'फक्त आवाज'. रात्री गावजेवणाची पंगत. सकाळी पंगत उठून गेलेली, उष्ट्या पत्रावळी फक्त. रात्रीचे सीन सगळे दिवसा आले, कारण जनरेटरचं भाडं. विहिरीतलं जे काही होतं ते बाहेर न येताच बुजवलं गेलं. अनंत चतुर्दशीपर्यंत पिक्चरमध्ये दोन भाऊ, एक ओटी आणि बारा दिवस एवढं उरलं.

काकूंच्या ओटीवरच बसलो होतो आम्ही तिघं. पाऊस धो धो पडत होता. मी म्हटलं, "खरं सांगू? आता ती गोष्ट चांगली झालीय."

"मे महिन्यात करतो," तो म्हणाला. "लाइट मस्त असतो."

"मे महिन्यात ओटी मिळायची नाही," काकू म्हणाल्या. "सीझन आहे. आत्ताच दोन पार्ट्यांनी विचारून ठेवलंय."

"आई, माझा पिक्चर आहे."

"मग पावसाळ्यात कर. जून ते सप्टेंबर चारही खोल्या रिकाम्या असतात. भाडं नको मला."

"पावसाळ्यात? अगं, एका शॉटला पाऊस, दुसऱ्याला ऊन. कंटिन्युइटीचं काय?"

काकू सुपारी कातरत होत्या. अडकित्ता न थांबवता म्हणाल्या, "मग सगळ्या गोष्टीत पाऊसच पडतोय असं लिही. वाटणीची भांडणं पावसातच होतात. बाहेर जाता येत नाही ना कुणाला."

चीफ आईकडे बघत राहिला. मग त्यानं कमरेच्या पाऊचमधून मार्कर काढला, वहीच्या पहिल्या पानावर 'पहाट' खोडलं, 'पाऊस' लिहिलं, आणि लगेच खाली रेघ ओढून माझ्याकडे वळला.

"तुझ्याकडे ताडपत्र्या किती निघतील रे? नाही, चार म्हणू नकोस. नीट मोजून सांग."